वेगळं होताय, पोरांचं ठरवायला मेडिएशनला बसताय? मग या क्रमाने जा

ओळखीत कुणाचं बिनसलं की फोन मला येतो, कारण माझं स्वतःचं चार वर्षांपूर्वी झालंय आणि ते मेडिएशनमध्ये मिटलंय हे सगळ्यांना माहितीये. मी वकील नाही, कोल्हापूरजवळ कागल एमआयडीसीत शिफ्टला जाणारा माणूस आहे. पण फोनवर ऐकतो त्या चुका त्याच त्याच असतात. मामा-काकांची गाडी भरून न्यायची, पहिल्याच दिवशी दागिन्यांवरनं सुरुवात करायची, आणि शेवटी दमून "वडिलांना मुलाला भेटता येईल" एवढ्या एका ओळीवर सही ठोकून यायचं. मग तीन महिन्यांत परत कोर्टाची पायरी. म्हणून एकदाच क्रमाने लिहून ठेवतोय, यापुढे फोन आला की हेच पाठवणार.

## आधी हे सुटं करून घ्या: कोण काय करतं

लोकांच्या डोक्यात चार गोष्टींची भेळ झालेली असते.

मध्यस्थ म्हणजे मेडिएटर. ट्रेनिंग घेतलेला वकील असतो किंवा निवृत्त न्यायाधीश. तो निकाल देत नाही, कोण चुकलं ते ठरवत नाही, दोघांना बोलतं करून तुमचं तुम्हालाच ठरवायला लावतो. कुटुंब न्यायालयातले विवाह समुपदेशक वेगळे, ते कोर्टाच्याच व्यवस्थेतले असतात, नांदायचं जुळतंय का ते बघतात आणि पोरांशीही बोलतात. लोकअदालत तिसरी, तिथं तडजोड झाली की निवाडा होतो आणि त्यावर अपील नाही. आणि चौथी आपली भावकीची बैठक, तिला कायद्यात काही किंमत नाही, पण अर्ध्या केसेस तिथंच जास्त बिघडतात हे माझं मत.

यातनं होणारी पहिली मोठी चूक म्हणजे मध्यस्थाला न्यायाधीश समजून त्याच्यापुढं पुरावे मांडत बसणं. "मॅडमना एकदा पटलं की झालं" असं लोक म्हणतात. अहो, मॅडमना पटून काय होणार, सही त्या करणार नाहीत. पटवायचंय समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला.

थांबा: घरात मारहाण, धमकी, पाळत असला प्रकार असेल तर "समोरासमोर बसून मिटवा" या सल्ल्याला लगेच हो म्हणू नका. ताबडतोब धोका असेल तर 112, महिलांसाठी 181. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली संरक्षण आदेश आधी मागता येतो. मेडिएशनला जायचंच झालं तर मध्यस्थांना आधीच एकटं भेटून सांगा, वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या वेळेला बसवता येतं. नको वाटलं तर नाही म्हणायचा हक्क आहे.

## टप्पा 1: दार कुठलं ठोठवायचं

केस आधीच दाखल असेल तर सोपं आहे, पुढच्या तारखेला न्यायाधीशांना सांगायचं की आम्हाला मेडिएशनला पाठवा. घाबरायचं कारण नाही, तडजोडीचा प्रयत्न करणं हे कुटुंब न्यायालयाचं कामच आहे, 1984 च्या कायद्यात कलम 9 तेवढ्यासाठीच आहे. समोरच्याने केस घातली असली तरी तुम्ही मागू शकता.

केस नसेल तर कोल्हापुरात कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं दाखलपूर्व अर्ज द्यायचा, मग ते समोरच्याला बोलावणं पाठवतात. गडहिंग्लज, इचलकरंजीकडच्या लोकांनी आधी जवळच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत चौकशी करावी, उगाच एक रजा आणि एसटीचं भाडं कशाला घालवायचं. कोर्टामार्फत होणाऱ्या मेडिएशनला मध्यस्थाची फी तुम्हाला द्यावी लागत नाही. बाईला वकील परवडत नसेल तर तोही फुकट मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट कितीतरी जणींना माहितीच नसते. त्यासाठी 15100 हा नंबर आहे.

एक नवीन घोळ सांगतो. ऑगस्ट 2025 पासून भाऊसिंगजी रोडला सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाचं इथलं खंडपीठ, सुरू झालंय. त्यामुळं "कोर्टात या" म्हटलं की जुन्या सवयीने लोक भाऊसिंगजी रोडला जातात. नोटिशीवरचा पत्ता आणि हॉल नंबर वाचून निघा.

तपासा: तारीख, वेळ, खोली आणि मध्यस्थाचं नाव कागदावर लिहून घेतलं का? गैरहजर राहिलात तर मध्यस्थ तसं कळवतात आणि प्रकरण परत कोर्टात जातं. "बघू, गेलो नाही तर काय होतंय" करत बसू नका.

## टप्पा 2: घरची तयारी, आणि इथंच सगळ्यात जास्त वेळ घाला

माझी गोष्ट सांगतो. मी पहिल्या बैठकीला व्हॉट्सॲपच्या चॅटचे प्रिंट घेऊन गेलो होतो, चाळीसेक पानं, पिवळ्या पेनने रंगवलेली. मध्यस्थ बाईंनी फाईल घेतली, उघडली नाही, तिच्यावर हात ठेवला आणि विचारलं, मुलीची शाळा किती वाजता सुटते. मी म्हटलं साडेपाच. बायको म्हणाली चार पन्नास. साडेपाचला ती व्हॅनमधनं घरी उतरते, शाळा चार पन्नासलाच सुटते, मधली चाळीस मिनिटं माझ्या हिशोबातच नव्हती. चाळीस पानं जमवणाऱ्या माणसाला तेवढं माहिती नव्हतं.

तेव्हा आधी पोरांचा आठवडा कागदावर काढा. सोमवार ते रविवार, सकाळी उठण्यापासून झोपेपर्यंत. शाळा, व्हॅन, क्लास, औषधं, कुठल्या वेळेला कोण घरी असतं, आजी कुठल्या दिवशी सांभाळते. तुमची शिफ्ट फिरती असेल तर एक आठवडा पुरत नाही, तीन आठवडे काढा: फर्स्ट, सेकंड, नाईट. हे काढायला बसलात की तुम्हालाच कळेल की "मला आठवड्याचे चार दिवस पाहिजेत" म्हणणं सोपं आहे, पण नाईट करून आलेला माणूस सकाळी सातला डबा भरणार आहे का.

मग खर्चाचा कागद. लोक शाळेची फी धरतात आणि थांबतात. उदाहरण म्हणून आकडे घेऊ, तुमचे वेगळे असतील. फी वर्षाला 36,000 म्हणजे महिन्याला 3,000. व्हॅन 1,300. क्लास 1,000. खाणं-दूध 3,800. दवाखाना सरासरी 700. कपडे-चपला वर्षाला 6,000 म्हणजे महिना 500. झाले 10,300. आता वडिलांचा हातात येणारा पगार 42,000 आणि आईचा 18,000 असेल तर कमाईचं प्रमाण 70-30 पडतं, म्हणजे 7,210 आणि 3,090. हाच फॉर्म्युला लावला पाहिजे असं काही नाही, पण बोलायला आकडा मिळतो. "पाच हजार देतो" "नाही, पंधरा पाहिजेत" हे बाजारासारखं चालतं ना, ते या कागदाने बंद होतं.

कागदपत्रं: पोरांचे जन्मदाखले, आधार, लग्नाचा दाखला, फीच्या पावत्या, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, रिटर्न भरत असाल तर ते, कर्जाचे हप्ते, विम्याच्या पॉलिसी, स्त्रीधनाची यादी. शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, उसाच्या बिलांची आणि दूध बिलांची नोंद. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणात दोघांनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं बंधन घातलंय, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे. तेव्हा "आमची सगळी शेती, उत्पन्न काही नाही" हे आता चालत नाही. कारखान्याचं बिल बँकेत येतं, ते दिसतं.

शेवटी एक साधा कागद, तीन रकाने. हे पाहिजेच. हे सोडू शकतो. हे आज ठरवणार नाही. पहिल्या रकान्यात पाचच्या वर गोष्टी झाल्या तर परत बसा.

थांबा: बैठकीच्या आधी स्टेटस टाकणं बंद. "वेळ आली की सगळ्यांना कळेल" असलं काही टाकलंत तर समोरचा सकाळी चिडूनच येणार. आणि पोरांना पढवू नका. न्यायाधीश किंवा समुपदेशक पोरांशी एकटं बोलू शकतात, त्यांनी अशी शेकडो पोरं बघितलीत, पाठ केलेलं लगेच ओळखू येतं.

## टप्पा 3: पहिली बैठक

आत कोण जाणार? तुम्ही दोघं आणि वकील असतील तर ते. आई, मेहुणा, दाजी, गावचे सरपंच सगळे बाहेर. घरच्यांना राग येतो, "आम्ही लग्न ठरवलं, आता आम्हीच बाहेर?" त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कोर्टाच्या व्हरांड्यात दोन गट उभे राहतात आणि आतलं जुळत आलेलं बाहेर दहा मिनिटांत मोडतं. माझ्या बाबतीत माझा थोरला भाऊ येणारच म्हणत होता, त्याला सांगितलं की दादा, तू मुलीला घेऊन रंकाळ्यावर जा, मला तेवढी मदत कर. तो गेला, कणीस खाऊन आले दोघं.

सुरुवातीला मध्यस्थ नियम सांगतात. इथं बोललेलं इथंच राहतं, कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. रेकॉर्डिंग नाही. फोन बंद करून ठेवा, खिशात चालू ठेवून शहाणपणा करू नका, सापडलात तर समोरचा परत विश्वास ठेवणार नाही. मग दोघांना पाळीपाळीने बोलायला देतात. त्यानंतर बहुतेक वेळा एकेकाला वेगळं बसवून बोलतात. तिथं सांगितलेलं तुम्ही हो म्हटल्याशिवाय मध्यस्थ पलीकडे सांगत नाहीत, पण उठायच्या आधी स्पष्ट बोला, "हे सांगा, हे सांगू नका".

समोरचा वेगळा बसलेला असताना बाहेर बाकावर अर्धा-पाऊण तास काढावा लागतो आणि डोक्यात नाही नाही ते येतं, आत काय लावून देतायत म्हणून. काही नाही, तुमच्याशी जे बोलले तेच तिकडं चाललेलं असतं. पाण्याची बाटली न्या, चहा पिऊन या.

बोलताना एक सवय लावून घ्या. "ही नेहमी असंच करते" याच्या ऐवजी "मंगळवारी क्लासला कोण सोडणार ते ठरवूया" असं बोलायचं. जुनं उगाळायची ऊर्मी येते, मलाही आली, पहिली बैठक माझी त्यातच गेली. ती एक तारीख वाया गेली आणि अर्ध्या दिवसाचा पगार.

तपासा: उठायच्या आधी तीन गोष्टी: आज काय ठरलं, काय राहिलं, पुढच्या वेळी कुणी काय आणायचं. एका बैठकीत मिटत नाही, मिटलंच पाहिजे असंही नाही.

## टप्पा 4: ठरवायचा क्रम, हा उलटा करू नका

पोरांचे दिवस, मग सण-सुट्ट्या, मग निर्णय कोण घेणार, मग पैसे, मग वस्तू, आणि शेवटी केसेस. लोक बरोब्बर उलटं करतात, केसेस आणि पैशावरनं सुरू करतात, आणि मग पोरगं सौद्यात येतं, "एवढे लाख ठेवा, मग भेटायला देतो". शिवाय पोर कुणाकडे किती दिवस राहणार हे ठरल्याशिवाय खर्चाचा आकडा काढणार तरी कसा?

### 4.1 रोजचे दिवस

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात आहे. पण "साधारणपणे" हा शब्द त्यात आहे, आणि सगळ्याच्या वर मुलाचं हित. त्यामुळे "कायद्याने माझंच" असं दोघांनीही टेबलावर आपटू नये.

ताबा एकाकडे असला तरी भेटीचे दिवस नेमके लिहायचे. माझी चूक ऐका. पहिल्या मसुद्यात "दर रविवारी सकाळी 10 ते संध्याकाळी 6" लिहिलं गेलं, मी हो म्हटलं, कारण सगळेच रविवार लिहितात. माझा वीकली ऑफ गुरुवारी. घरी येऊन कॅलेंडर बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या बैठकीत बदलून घेतलं: गुरुवारी शाळा सुटल्यापासून शुक्रवारी सकाळी शाळेत सोडेपर्यंत, आणि माझी फर्स्ट शिफ्ट असलेल्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळ.

मुलांची देवाणघेवाण कुठं, किती वाजता, कोण करणार, तेही लिहा. शाळेतनं शाळेत हा सगळ्यात चांगला मार्ग, एकाने सोडायचं, दुसऱ्याने न्यायचं, दोघं समोरासमोर येतच नाहीत. सुट्टीत ठिकाण लागतं, तिथं घराचं दार टाळा. आम्ही रंकाळ्याच्या चौपाटीवरचा एक बाक ठरवला. सीबीएसवर (एसटी स्टँडवर) ठरवणारे लोक आहेत, पण गर्दीत गाडी लावायला जागा नाही आणि एसटी लेट झाली की भांडण.

उशीर झाला तर किती मिनिटं थांबायचं, रद्द करायचं असेल तर किती आधी कळवायचं, चुकलेला दिवस भरून मिळणार का. हे तीन प्रश्न लिहिले नाहीत तर पहिल्याच महिन्यात वाजणार, लिहून ठेवा.

### 4.2 सण आणि सुट्ट्या

इथं वेळ द्या, कारण भांडणं रोजच्या दिवसांवर होत नाहीत, ती सणांवर होतात. गणपतीत चतुर्थीला कुठं, गौरीला कुठं, विसर्जनाला कोण नेणार. नवरात्रात अंबाबाईला कोण. दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायला. दिवाळीत पहिली आंघोळ कुठं आणि भाऊबीज कुठं. चैत्रात जोतिबा. गावची जत्रा. आजोळचं एखादं लग्न.

"सण अर्धे-अर्धे" असं लिहू नका, अर्धी दिवाळी म्हणजे काय? सम वर्षी पहिली आंघोळ आईकडे आणि पाडव्यापासून वडिलांकडे, विषम वर्षी उलट, असं वर्ष लावून लिहा. मे महिन्याची सुट्टी दोन भागांत, पहिला भाग कुणाचा ते पण सम-विषम. आणि सण आला की त्या आठवड्याचं नेहमीचं वेळापत्रक बाजूला, सणाचं वरचढ, हे वाक्य मुद्दाम टाका. ते नसेल तर गुरुवारी आलेल्या पाडव्यावर दोघंही हक्क सांगतात.

### 4.3 निर्णय, फोन आणि बाकीचं

शाळा बदलणं, ऑपरेशन, क्लास, मोठी सहल, हे दोघांनी मिळून ठरवायचं की ज्याच्याकडे ताबा त्याने? शाळेत दोघांचे नंबर द्यायचे, पालकसभेला दोघंही जाऊ शकतात हे लिहा, नाहीतर शाळा एकालाच कळवते. लहान मुलाच्या पासपोर्टला साधारणपणे दोन्ही पालकांची संमती लागते, तीही आत्ताच ठरवा. एक पालक पुण्याला किंवा बेंगळुरूला गेला तर किती दिवस आधी सांगायचं आणि वेळापत्रक कसं बदलायचं. फोनची वेळ, आमची संध्याकाळी साडेसात ते आठ. व्हिडिओ कॉलवर मागनं सासूबाईंचा आवाज येणार नाही असं काही लिहिता येत नाही, ते सोडून द्या.

आजी-आजोबांना विसरू नका. त्यांना वेगळे दिवस मिळतीलच असं नाही, पण आई-वडिलांच्या दिवसांत पोरं त्यांच्याकडे राहू शकतात एवढं लिहिलं तरी त्यांचा जीव थोडा खाली बसतो.

तपासा: शक्य असेल तर अंतिम सही लगेच करू नका. तात्पुरतं एक महिन्याचं वेळापत्रक चालवून बघा, काय जमत नाही ते लिहा आणि पुढच्या बैठकीत दुरुस्त करा. आमचं शनिवारचं कलम असंच बदललं, कारण त्या वेळेला तिचा डान्स क्लास लागला.

### 4.4 पैसे

मुलाची पोटगी आणि बायकोची पोटगी वेगवेगळ्या ओळीत लिहा, एकच गोळा आकडा नको. महिन्याच्या कितव्या तारखेला, कुठल्या खात्यात, दरवर्षी किती टक्के वाढ. रोख अजिबात नको, बँकेतनं किंवा यूपीआयने, म्हणजे "दिलेच नाहीत" "दिले की" हा विषय संपला. जूनमधली वह्या-पुस्तकं, अचानक निघालेला दवाखाना, पुढं कॉलेज, याची वाटणी वेगळी. मेडिक्लेम कुणाच्या पॉलिसीत.

थांबा: "मला काही नको, फक्त सुटका करा" म्हणून कितीतरी बायका मुलाच्या खर्चावरही पाणी सोडतात. पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे, आईने सोडला म्हणून तो संपत नाही. आणि बाप लोकांनी त्या कागदावर निर्धास्त राहू नये, उद्या पोराच्या नावाने मागणी येऊ शकते.

### 4.5 वस्तू

यादी करा, फोटो लावा, तारीख ठरवा, पंच म्हणून दोघांना मान्य असलेला एक माणूस न्या. भांडी, मिक्सर, कपाट यावर जास्त तास घालवू नका, एका ओळखीच्याने इन्व्हर्टरच्या बॅटरीवर दोन तारखा घालवल्या. दागिन्यांचं वजन आणि पावत्या बघून लिहा, "सर्व स्त्रीधन मिळाले" असं लिहायचं ते हातात मिळाल्यावर.

## टप्पा 5: केसेस कशा मिटतात

सगळ्या चालू केसेसची नंबरसकट यादी करा. घटस्फोट, पोटगी, कौटुंबिक हिंसाचार, 498-अ (सासरच्या छळाची फौजदारी केस), एक पण विसरायची नाही. विसरलेली केस दोन वर्षांनी वॉरंट घेऊन येते.

घटस्फोट परस्पर संमतीने करायचा असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 13-ब. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, अर्ज दोघांचा मिळून, मग साधारण सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा हजर राहून संमती सांगायची. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालापासून, पण ती आपोआप मिळणारी सूट नाही, अर्ज करून कारणं द्यावी लागतात. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न असेल तर तिथंही संमतीची सोय आहे, बाकीच्यांनी आपापला कायदा वकिलाकडनं समजून घ्या.

लक्षात ठेवा, डिक्री (कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम) होईपर्यंत कुणीही एकजण संमती मागे घेऊ शकतो. म्हणून सगळी रक्कम पहिल्या दिवशी देऊन मोकळं होऊ नका आणि सगळी शेवटच्या दिवसावरही ठेवू नका. हप्ते टप्प्यांना बांधतात: काही पहिल्या अर्जाच्या वेळी, काही डिक्रीच्या वेळी, काही फौजदारी केस रद्द झाल्यावर. मुलाची महिन्याची पोटगी मात्र या हप्त्यांत अडकवू नका, ती चालू राहिली पाहिजे.

498-अ (1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम 85) आपल्याकडे "आम्ही मिटवलं" म्हणून खालच्या कोर्टात मागे घेता येत नाही. तडजोडीचा कागद लावून हायकोर्टातनं रद्द करून घ्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी मुंबईला हेलपाटे असायचे, आता सर्किट बेंच इथंच आहे. तर तडजोडीत हे लिहा: रद्द करायच्या अर्जाला तक्रारदार सहकार्य करेल, प्रतिज्ञापत्र देईल, किती दिवसांत आणि खर्च कुणाचा.

## टप्पा 6: मसुदा वाचणे आणि सही

इथं लोक दमलेले असतात आणि "करा हो सही, सुटू एकदाचे" असं होतं. त्या दिवशी सही करू नका. मसुदा घरी न्या, रात्री शांत डोक्याने वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत मागा किंवा वकिलाकडनं ओळ न् ओळ समजून घ्या.

वाचताना प्रत्येक ओळीला विचारायचं: कोण, कधी, कुठं, किती, आणि नाही केलं तर काय. "वडील सोयीनुसार मुलाला भेटतील" हे वाक्य काही कामाचं नाही, सोय कुणाची? "दर गुरुवारी शाळा सुटल्यावर वडील शाळेतून नेतील आणि शुक्रवारी सकाळी शाळेत सोडतील" हे कामाचं. "योग्य तो खर्च देतील" खोडा. "वेळोवेळी", "शक्यतो", "दोघांच्या समजुतीने" हे तीन शब्द दिसले की पेन उचला.

सही प्रत्येक पानावर. मग मध्यस्थ तो कागद कोर्टात पाठवतात, कोर्टात तडजोड पुरसिस (तडजोड झाल्याचं लेखी निवेदन) दाखल होते, न्यायाधीश दोघांना विचारतात की राजीखुशीने केलं का, दबाव आहे का, आणि मग आदेश होतो. केस दाखल नसेल तर दाखलपूर्व तडजोड लोकअदालतीपुढं ठेवून निवाडा करून घेता येतो, पण घटस्फोट त्याने होत नाही, त्याला कोर्टाची डिक्रीच लागते. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर दोन पंचांसमोर "फारकत" लिहून आलेले लोक अजूनही भेटतात. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न त्याने मोडत नाही, आणि पुढं दुसरं लग्न केलं की नवीन केस मागं लागते. काही समाजांत रूढीने फारकत मान्य आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते.

तपासा: आदेशाची सही-शिक्क्याची प्रत घेतली का? दोन जादा काढा, एक शाळेला लागते.

## जमलंच नाही तर

मध्यस्थ कोर्टाला तडजोड झाली नाही एवढंच कळवतात, कुणामुळे झाली नाही ते लिहीत नाहीत. केस पुढं चालू. तुम्ही आत देऊ केलेला आकडा तिथं तुमच्यावर उलटवता येत नाही. आणि सगळं नाही तरी अर्धं जमलं असेल, म्हणजे पोरांचे दिवस ठरलेत पण पैशावर अडलंय, तर तेवढ्याची तडजोड नोंदवून घ्या. पैशाचं न्यायाधीश ठरवतील, पोरगं तोपर्यंत दोन्हीकडे जात राहील.

## टप्पा 7: आदेशानंतरचे पहिले सहा महिने

सगळ्यात महागात पडणारी चूक इथं होते. त्यांनी भेटायला दिलं नाही म्हणून मी पोटगी थांबवली, किंवा पोटगी आली नाही म्हणून मी पोराला पाठवलं नाही. दोन्ही वेगळे आदेश आहेत, एक मोडला म्हणून दुसरा मोडायची परवानगी मिळत नाही, आणि कोर्टात गेल्यावर दोघंही आदेश मोडणारे ठरता. भेट नाकारली तर तारीख, वेळ, मेसेज लिहून ठेवा, एकदा लेखी आठवण द्या, तरी नाही तर दरखास्त (आदेशाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज) करा. पोटगीचं तसंच.

परिस्थिती बदलली, शिफ्ट बदलली, शाळा बदलली, नोकरी गेली, तर मुलांबद्दलचे आणि पोटगीचे आदेश बदलून मागता येतात. पण आपापसांत बदललं की निदान मेसेजवर "ठीक आहे" लिहून घ्या.

पोरांच्या रोजच्या वस्तूंचं सांगायचं राहिलं. पोर दोन घरांत राहतं पण कंपास एकच असतो, आणि गुरुवारी रात्री नऊ वाजता कळतं की भूगोलाची वही दुसऱ्या घरी आहे. पहिल्या दोन महिन्यांत आमच्यात जेवढे फोन झाले त्यातले बहुतेक वही, स्वेटर आणि पाण्याच्या बाटलीवरनं. मग ब्रश, चप्पल, बाटली, कंपास, नाईट ड्रेस हे दोन-दोन घेतले, आणि जे दोन घेता येत नाही त्याची चिठ्ठी दोन्ही घरी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली: दप्तर, डायरी, गुरुवारच्या विषयांच्या वह्या, खोकल्याचं औषध, चष्मा. चिठ्ठी मुलीलाच लिहायला लावा, मोठ्यांनी लिहिलेली ती बघत नाही.